त्रेचाळीस नंबरचा चेहरा

२ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता शेजारच्या औषधवाल्याकडून लिहून घेतला. त्याचं अक्षर त्याचं त्याला लागत नाही, पण पोस्टमनला लागलं म्हणायचं. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

फोन तू उचलत नाहीस. अकरा वेळा करून पाहिला. तुझा पत्ता तुझ्या डेपोतल्या बाईंनी दिला. "बस चांगली चालवतात हो, पण बोलत नाहीत," असं म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या घरात सगळ्यांच्या वाटणीचं बोलणं माझ्याच पदरात पडलंय, त्यांचा दोष नाही.

कामाचं आधी सांगते, नाहीतर तू म्हणशील टाचणी नेहमीसारखी गावभर फिरून घरी आली. 'आत'च्या कचेरीत नवीन अधिकारीबाई आल्या आहेत. (तुला आठवतं, आपल्या घरात त्या उजाड शहराला कुणी किल्ला म्हणायचं नाही, नुसतं 'आत'. "अण्णा कुठेत?" "आत.") या बाई वयाने लहान आहेत, पण मोजपट्टीशिवाय पाऊल टाकत नाहीत. माझ्या दुकानात आल्या तेव्हा मी शाळेच्या गणवेशांच्या ढिगात बसले होते, तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. त्यांच्याही हातात टेप. दोघी एकमेकींकडे बघून हसलो. तेव्हापासून मी त्यांना मोजपट्टीबाई म्हणते.

त्यांना गेटच्या खोलीत अण्णांची फळी सापडली आहे. साठ खिळे, एकोणसाठ बिल्ले.

फळी कशासाठी होती, हे त्यांना कचेरीतल्या कुणालाच सांगता येईना. मग मी सांगत बसले. आत जाणाऱ्या प्रत्येकाला नंबर घातलेला एक पत्र्याचा बिल्ला द्यायचा, अनुक्रमाने. बाहेर येताना परत घ्यायचा आणि त्याच्या खिळ्याला टांगायचा. खिळा मोकळा म्हणजे माणूस आत. सूर्यास्ताला फळी भरली की अण्णा रुळाच्या तुकड्यावर तीन टोले देणार, "झाले, सगळे घरी," असं म्हणणार आणि मग कुलूप लावणार. नियम घरच्यांनाही. आई डबा घेऊन आली तरी बिल्ला. "भिंत पडताना ओळख विचारत नाही," हे त्यांचं पालुपद. आणि बिल्ला देताना चेहरा नीट बघून ठेवायचा, कारण खिळा नुसता आकडा सांगतो, माणूस सांगत नाही. मोजपट्टीबाईंनी हे सगळं लिहून घेतलं. मला जरा मिरवल्यासारखंही झालं.

मग त्यांनी पिशवीतून कागद काढला. फळी काचेत घालून गेटपाशी लावणार आहेत, शेजारी पाटी. पाटीचा मजकूर मी जसाच्या तसा उतरवते:

"एका संध्याकाळी क्रमांक ४३ चा बिल्ला घेऊन आत गेलेली व्यक्ती परत आली नाही. तिचा शोध घेताना द्वाररक्षक टाक्याच्या पायऱ्यांवरून कोसळले. बिल्ला देणाऱ्या त्यांच्या मुलाला त्या व्यक्तीचा चेहरा कधीच आठवला नाही. ती व्यक्ती मनुष्य नव्हती, अशी आख्यायिका आहे."

घरच्यांची हरकत नसल्याची सही पाहिजे, दोन्ही मुलांची. मार्चअखेरपर्यंत काही कळवलं नाही तर मजकूर असाच लागणार.

मला काय करावं कळत नाही. मी काय सांगणार, मी तेव्हा चौदा वर्षांची, आणि घरी होते. त्या दिवसाचं मला फारसं आठवतही नाही. गेटवर तू होतास. तू काय ते ठरव आणि कळव.

तब्येत कशी आहे? केस राहिलेत का?

तुझी,
टाचणी

१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा होती असंही नाही. पण पोस्टमन दुकानावरून नुसता गेला की हातातली कात्री थांबते, हे खरं.

मी परवा आत जाऊन आले. एकतीस वर्षांनी. बसने पाऊण तास लागतो आणि मी एकतीस वर्षं गेले नव्हते, यावरून काय ते समज.

आता तिकीट कागदाचं. बिल्ला नाही, फळी नाही, चेहरा कुणी बघत नाही. खिडकीतला माणूस फोनमध्ये मान घालून तिकीट सरकवतो. अण्णा असते तर त्याला खिडकीतून ओढून बाहेर काढला असता. आपली गेटची खोली रिकामी आहे. मला ती वाड्याएवढी आठवत होती, प्रत्यक्षात माझ्या कापड कापायच्या टेबलाच्या दुप्पट भरेल. तू पाय लांब करून कुठे झोपायचास देव जाणे.

मी गाईडच्या घोळक्यात शिरले. बारा-पंधरा माणसं, पाण्याच्या बाटल्या, टोप्या. बाजाराचा रस्ता तसाच आहे, दोन्ही बाजूंना छप्पर उडालेली दुकानं, प्रत्येकाची एकच पायरी मधोमध झिजलेली. तू आणि मी तिथे दुकान-दुकान खेळायचो आणि तू कधीही गिऱ्हाईक व्हायला तयार नसायचास. गाईडने सांगितलं की सूर्य बुडाला की हा बाजार पुन्हा भरतो, तराजूंची साखळी वाजते, आणि अख्खं शहर एका शापाने एका रात्रीत ओस पडलं. अण्णांचं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं: "विहिरी आटल्या, माणसं गेली. त्यात भूत कुठून आलं?" पण गप्प बसले. त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न.

मग टाक्यापाशी आलो. आता भोवती लोखंडी कठडा आहे. पायऱ्या जिथून तुटल्या तिथे अजून तो घोटाभर खोल खाचा असलेला मोठा दगड आडवा पडलाय. घोळका पुढे सरकला, वाकून बघायला लागला, आणि गाईडने आवाज खाली आणला.

"त्रेचाळीस नंबर," तो म्हणाला.

दादा, मी आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली. गेटवर म्हाताऱ्याचा मुलगा बसलेला. पांढऱ्या कपड्यातलं कुणीतरी आलं. मुलाने मान खाली घालून बिल्ला दिला. वर बघितलंच नाही. बघितलं असतं तर तिथल्या तिथे गेला असता. एक बाई म्हणाली, "अगं बाई!" आणि नवऱ्याचा दंड धरला.

"आणि त्या मुलाचं काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"वेडा झाला," गाईड म्हणाला. "अजून गावोगाव तो चेहरा शोधत फिरतो."

मला राहवलं नाही. "वेडा नाही झाला. बस चालवतो," मी म्हटलं.

"ताई, तुम्ही ओळखता त्याला?"

"थोडंसं," मी म्हटलं. यावर एकजण हसला. हसण्यासारखंच होतं.

घरी येताना बसमध्ये खिडकीशी बसून मी ठरवलं की तुला एक गोष्ट सांगायची. ती मी कुणालाच सांगितलेली नाही. हे भूत मी काढलं, दादा. अण्णा गेले त्यानंतरच्या आठवड्यात नळावर बायका बोलत होत्या. पोराने मोजणी चुकवली, साठाच्या आत मोजता येत नाही आणि गेटवर बसवला, असं. मी हंडा खाली ठेवला आणि म्हटलं, "माझा दादा मोजणीत चुकत नाही. बिल्ला गेला म्हणजे कुणीतरी आत गेलंच. आता तो माणूस नसेल तर दादाने काय करायचं?" बस, एवढंच. दोन दिवसांत त्या 'कुणीतरी'ला पांढरे कपडे आले, आठवड्यात उलटी पावलं आली. आईला तेवढाच आधार झाला. मरेपर्यंत म्हणायची, माझा मुलगा बरोबर होता. पण हे तुला सांगायला तिने उशीर केला. तुला ती जे बोलली ते तू आधीच ऐकलं होतंस.

मला तुला वाचवायचं होतं. झालं काय, तर तू चुकीचं मोजणाऱ्याचा भुताला बिल्ला देणारा झालास. लोक तुला रस्त्यात थांबवून विचारायला लागले, कसं दिसत होतं ते, कसं दिसत होतं. महिन्याभरात तू गेलास. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते मी केलं.

मोजपट्टीबाई भेटल्या. फळीवर त्रेचाळीसचा खिळा रिकामा बरा दिसत नाही, तिथे तसाच नवा बिल्ला करून टांगू का, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, करायचाच तर कड चेपलेला करा, नाहीतर खोटा वाटेल.

सहीचं कळव. नुसतं 'हो' किंवा 'नाही' लिहिलंस तरी चालेल. पोस्टकार्ड स्वस्त असतं.

तुझी,
टाचणी

११ मार्च

दादा,

तुझं कार्ड आलं. एकतीस वर्षांत पहिलं. पोस्टमनने ते दुकानाच्या टेबलावर सुलटं ठेवलं, त्यामुळे मी हात लावायच्या आधीच वाचून झालं होतं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, प्रत्येक शब्द लायनीत उभा केल्यासारखा. मी ते इथे पुन्हा उतरवते. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. उतरवल्याशिवाय उत्तर लिहायचा धीर होणार नाही.

"टाचणी, दोन्ही पत्रं मिळाली. भुताचं मला काही वाटत नाही. पण त्रेचाळीसची कड त्याच दिवशी सकाळी गेटच्या दारात सापडून चेपली होती. मी कुणाला दाखवली नव्हती. तुला कशी माहीत? दुसरं. त्या दुपारी मी गेट सोडून चहावाल्याच्या रेडिओवर सामना ऐकायला गेलो होतो, दहाएक मिनिटं. हे मी अण्णांना सांगितलं नाही. कुणालाच नाही. अजून बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा बघतो. कंडक्टर हसतो. तुला काही माहीत असेल तर लिही. नसेल तर पुन्हा लिहू नकोस."

चोराच्या मनात चांदणं. कड चेपलेला करा, असं मी बोलून गेले, तुला लिहूनही टाकलं, आणि दोन्ही वेळा माझ्या लक्षात आलं नाही. की आलं होतं आणि हात लिहीतच गेला, ते मला सांगता येणार नाही.

आता ऐक. मध्ये थांबू नकोस.

परीक्षा संपल्या होत्या. मी स्वतःसाठी झंपर शिवला होता, पहिलाच. आईने बाही बघितली, वाकडी होती, आणि काही न बोलता उसवून टाकली. मला इतका राग आला की सुई-दोरा आणि तो झंपर घेऊन मी घराबाहेर पडले. आत जाऊन हमामखान्यात बसायचं, घुमटाच्या भोकांतून ऊन पडतं तिथे, आणि बाही सरळ करूनच परत यायचं असं ठरवलं.

साडेतीनच्या सुमारास गेटवर आले. खोलीत कुणी नव्हतं. तू चहावाल्याकडे होतास, माझ्याकडे पाठ, कान रेडिओला चिकटलेला. मला दिसलास. हाक मारता आली असती. मारली असती तर "घरी जा," म्हणाला असतास, म्हणून मारली नाही.

दुसऱ्या कुणाची पोर असती तर तशीच पळाली असती आत, आणि काहीच झालं नसतं. आज तू, मी, अण्णा, सगळे वेगळेच असतो. पण मी अण्णांची मुलगी. बिल्ल्याशिवाय आत जायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. बेचाळीसचा खिळा मोकळा होता, मी पुढचा काढून घेतला. त्रेचाळीस. चेपलेली कड अंगठ्याला टोचली, ती अजून टोचते.

हमामात दोन तास बसले. बाही जमली, दादा. आयुष्यात पहिल्यांदा जमली. मग अण्णांनी सूर्यास्ताआधीचा इशाऱ्याचा टोला दिला. गेटवर अण्णा असणार, कुणी आत सोडलं म्हणून विचारणार, तू गेट सोडलं होतंस ते उघडं पडणार, दोघांना बसणार. म्हणून मी पागेमागच्या तटाच्या खिंडारातून उतरले, थेट आपल्या परसात. बिल्ला फ्रॉकच्या खिशात राहिला. मी मुद्दाम ठेवला नाही. विसरले. मला बाहीचा इतका आनंद झाला होता की मी तो विसरले.

तू परत आलास, त्रेचाळीस नव्हता, तू धरून चाललास की आपणच दिला असणार, आणि पुढच्याला चव्वेचाळीस दिलास. संध्याकाळी फळीवर तेवढा एकच खिळा मोकळा. अण्णांनी तुला विचारलं, "चेहरा सांग." तुला सांगता आला नाही. "बिल्ला दिला आणि चेहरा बघितला नाहीस?" एवढं बोलून ते आत गेले, एकटे, कारण गेटवर एकाने थांबायचं हा नियम. हे मला तूच सांगितलंस, हॉस्पिटलच्या जिन्यात, रडत. मी तुझ्या शेजारच्या पायरीवर बसले होते.

अण्णा पागा, बाजार, हमाम धुंडाळत मला शोधत होते आणि मी घरी आईला बाही दाखवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आईने झंपर उलटा-सुलटा करून बघितला, "जमलं की गं," म्हणाली, आणि तेवढ्यात चहावाला धावत आला.

इथे संपलं असतं तरी मी तुला कधीतरी सांगितलं असतं असं मला वाटतं. चौदा वर्षांची पोर, घाबरली, असं म्हणता आलं असतं. पण हॉस्पिटलात अण्णा दोन दिवस होते. शुद्ध आली की एकच विचारायचे, "सापडला का तो?" डॉक्टरला, आईला, तुला. दुसऱ्या दिवशी दुपारी तू औषध आणायला गेला होतास, आई बसल्या जागी डोळे मिटून होती, आणि त्यांनी मला विचारलं, "टाचणी, सापडला का गं तो?"

बिल्ला माझ्या खिशात होता. मुठीत धरला होता. आत कुणीच नव्हतं अण्णा, मीच होते, आणि मी इथे तुमच्यापुढे उभी आहे, एवढं म्हणायचं होतं. निदान "सापडला" म्हणायचं. खोटं का होईना. मी म्हटलं, "शोधतायत."

ते म्हणाले, "पाणी घेऊन जा म्हणावं. तहान लागली असेल त्याला."

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गेले. आत कुणीतरी राहिलंय, ही काळजी घेऊन गेले.

नंतर आई तुला बोलली. "चेहरा बघायला काय कष्ट पडत होते तुला?" मी दारात उभी होते. माझ्या मनात काय आलं तेही लिहून टाकते, आता ठेवायचं कशाला. मनात आलं, दादाने गेट सोडलं होतं, मी बघितलंय, म्हणजे चूक त्याचीही आहेच. तुझी चूक मला माहीत होती, माझी तुला माहीत नव्हती, आणि मी दोन्ही तुझ्या डोक्यावर ठेवून गप्प राहिले. मग नळावर जाऊन भूत काढलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तसं.

बिल्ला मी टाकला नाही. नदीपर्यंत दोनदा गेले आणि परत आले. शिवणकाम शिकले तेव्हा टाचण्या टोचायची उशी केली आणि भुशात तो घालून शिवून टाकला. एकतीस वर्षं ती उशी माझ्या मशीनशेजारी आहे. कधी टाचणी खोल गेली की पत्र्याला लागते, टक्. गिऱ्हाईक विचारतं, काय वाजलं. मी म्हणते, काही नाही.

काल उशी उसवली. बिल्ला या पाकिटात आहे, चिंधीत गुंडाळलाय. गंजलेला नाही, भुसा चांगला होता.

तुला तो चेहरा आठवत नाही, कारण तो तुला कुणी दाखवलाच नाही. बसमध्ये आता नको शोधूस. तो माझा होता.

'माफ कर' असं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. मागायचा हक्क कुठल्या तोंडाने सांगू? पाटीची सही तू करू नकोस, मीही करणार नाही. उद्या मोजपट्टीबाईंकडे जाऊन हे सगळं त्यांना सांगणार आहे. उत्तर पाठव किंवा नको पाठवूस. बिल्ला तुझा आहे. हवं तर फेकून दे.

टाचणी

४ एप्रिल

दादा,

हे पत्र लिहायचं नव्हतं. तुझं उत्तर आल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही, असा कानाला खडा लावला होता. पण काल सकाळी मोजपट्टीबाईंचा फोन आला आणि खडा गेला कुठल्या कुठे.

आधी त्यांच्याकडे गेले त्याचं सांगते. कचेरीत त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. त्यांनी टेप गुंडाळून ठेवला, पाणी दिलं, आणि सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पाटीवर काय लिहायचं ते तुम्ही सांगा." मी म्हटलं, मी कपड्याला मापं देते, पाटीला काय देणार. तरी सांगितलं. आता पाटी अशी लागली आहे:

"या फळीवरून आत गेलेल्यांची मोजदाद होई. क्रमांक ४३ चा बिल्ला द्वाररक्षकांच्या मुलीने स्वतः काढून घेतला व ती दुसऱ्या वाटेने घरी गेली. आत कुणीतरी राहिलं आहे, या काळजीने द्वाररक्षक शोधायला गेले व त्यांचा मृत्यू झाला. गेटवर बसलेल्या त्यांच्या मुलाने हा बिल्ला कुणालाही दिला नव्हता."

शेवटच्या ओळीवर मोजपट्टीबाई अडल्या होत्या. पाटीला लांब होते म्हणाल्या. मी म्हटलं, मग वरचं कापा, खालून एक अक्षर कापू देणार नाही.

गाईड माझ्यावर जाम भडकला. "ताई, तुम्ही माझ्या पोटावर पाय दिलात. भूत नसेल तर इथे बघायला येणार कोण?" मी म्हटलं, खरं सांगून बघ एकदा. आठवड्याने भेटला तर म्हणे, आता बायका रडतात, पुरुष गप्प होतात, आणि एका म्हाताऱ्याने परत जाऊन गेटची खोली बघितली. भुताला एवढं कुणी केलं नव्हतं, असं स्वतःच म्हणाला. तोंड वाकडं करून, पण म्हणाला.

तर फोन. बाई म्हणाल्या, "परवा संध्याकाळी त्रेचाळीसचा बिल्ला खिळ्यावर आला."

मला आधी समजेनाच. काच अजून बसायची होती, फळी उघडीच होती. मी विचारलं, कुणी लावला?

"एक गृहस्थ आले होते. नाव नाही सांगितलं. खाकी शर्ट, हातात छोटी पिशवी. दुपारी आले, तिकीट काढलं, पण आत गेलेच नाहीत. पाटी वाचली. मग गेटच्या खोलीच्या दारात उभे राहिले."

"कधीपर्यंत?"

"बंद होईपर्यंत. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होते. मी म्हटलं, कुणाची वाट बघताय का? तर नुसती मान हलवली."

 समोर कापड कापायचं होतं, ते मी बाजूला सारलं. मी त्यांना म्हटलं, "चेहरा सांगा."

"म्हणजे?"

"बाई, चेहरा बघितलात ना? मग सांगा."

 मग म्हणाल्या, "डोक्यावर केस फारसे नाहीत. डाव्या भुवईत खाच. आणि खरं सांगू का, तुम्हीच पुरुषाचे कपडे घालून उभ्या आहात असं वाटत होतं."

डाव्या भुवईतली खाच माझीच, बाजाराच्या पायरीवरून मी तुला ढकललं होतं तेव्हाची. तीही तू कुणाला सांगितली नव्हतीस. पडलो म्हणाला होतास.

पुढचं बाईंनी मी न विचारता सांगितलं. शेवटचा माणूस बाहेर आला, पहारेकऱ्याने दार ओढलं, तेव्हा तू पिशवीतून चिंधी काढलीस, बिल्ला पुसलास आणि खिळ्याला टांगलास. फळीकडे बराच वेळ बघत उभा राहिलास. आणि जाताना पहारेकऱ्याला म्हणालास, "झाले, सगळे घरी."

मी दुकान बंद केलं आणि आतल्या खोलीत जाऊन रडले. इतकी की शेजारचा औषधवाला डोकावून गेला. अण्णांचं ते वाक्य मी त्यानंतर कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. कुणीतरी ते म्हणायला पाहिजे होतं, आणि ते तूच म्हणायला पाहिजे होतं.

पण मी मीच, रडून झाल्यावर रागही आलाच. पाऊण तासावर येऊन गेलास आणि माझ्याकडे आला नाहीस. बरोबर आहे तुझं. एकतीस वर्षांचं ओझं एका पाकिटाने उतरत नाही, हे मला कळतं. तुला अजून दहा वर्षं लागली तरी मी तोंड वर करून बोलणार नाही. पण एक गोष्ट मला तुला सांगावीच लागेल, कारण तू गेटवरचा माणूस आहेस आणि मी अण्णांची मुलगी आहे.

मोजणी चुकली तुझी, दादा. सगळे घरी नाही आलेले. एकजण अजून बाहेर आहे, चेहरा मला पाठ आहे, आणि तो येईपर्यंत मी दार लावणार नाही.

टाचणी